व्हिव्हिड मोडमधलं अंतराळ

धाकट्या भावाने पहिल्या बोनसमधून टीव्ही घेतला. ५५ इंची, फोर-के. आई-बाबांसाठी, असं त्याने जाहीर केलं. आईला संध्याकाळच्या मालिका आणि बाबांना क्रिकेट यापलीकडे टीव्हीचं काही पडलेलं नसतं हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, पण मी गप्प बसले. भिंतीवर टीव्ही चढला, इन्स्टॉलेशनवाला चहा पिऊन गेला आणि भाऊ म्हणाला, "ताई, पहिला पिक्चर तू ठरव."

मी लगेच म्हटलं, "झथुरा!"

कारण सांगते. मी चौथीत आणि तो मोठ्या शिशुत असताना, मे महिन्याच्या सुट्टीत, कोपऱ्यावरच्या सीडी लायब्ररीतून आम्ही ही डीव्हीडी इतक्यांदा आणली की शेवटी काकांनी वहीत लिहिणंच सोडून दिलं. घरी २१ इंची डब्बा टीव्ही. प्लेअरचं सेटिंग चुकीचं होतं, त्यामुळे पडद्यावरचे सगळे उभे ताणलेले दिसायचे. त्यातला थोरला भाऊ वॉल्टर चांगला ताडमाड आहे, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. आणि डिस्कवर एक चरा होता. यंत्रमानव दिवाणखान्यात शिरला की चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज कुकरच्या शिटीसारखा व्हायचा आणि आम्ही पुढच्या चॅप्टरवर उडी मारायचो. लायब्ररी बंद झाली तेव्हा तीच डिस्क मी ५० रुपयांना उचलली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'झथुरा' नोव्हेंबर २००५ मध्ये आला. दिग्दर्शक जॉन फॅव्हरो, म्हणजे पुढे २००८ मध्ये 'आयर्न मॅन' करणारा तोच. मूळ पुस्तक ख्रिस व्हॅन ऑल्सबर्गचं, ज्याच्या पुस्तकावरून १९९५ मध्ये 'जुमांजी' आला होता. दोन भाऊ, दहा वर्षांचा वॉल्टर आणि सहा वर्षांचा डॅनी. बाबा कामावर गेलेत, मोठी बहीण लिसा वर झोपलीय. दोघं भांडतात, आणि धाकट्याला तळघरात एक जुनाट पत्र्याचा खेळ सापडतो. किल्ली द्यायची, बटण दाबायचं, कार्ड बाहेर येतं. पहिलंच कार्ड उल्कावर्षावाचं! उल्का थेट दिवाणखान्यात. दार उघडून बघतात तर घर अख्खंच्या अख्खं अंतराळात तरंगतंय. लिसा म्हणजे 'ट्वायलाइट'च्या आधीची क्रिस्टन स्ट्युअर्ट, आणि वॉल्टर म्हणजे 'हंगर गेम्स'च्या आधीचा जॉश हचरसन. पिक्चर चालला मात्र नाही. सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्च, जगभरात जेमतेम तेवढाच गल्ला. पुढच्याच आठवड्यात हॅरी पॉटरचा चौथा भाग आला, मग काय होणार?

तर आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलो. आणि दहाव्या मिनिटाला माझं डोकं सटकलं. सगळं कसं गुळगुळीत! पोरं अंतराळात न जाता एखाद्या मालिकेच्या सेटवर धावतायत असं वाटत होतं. चेहरे मेणाचे, रंग लग्नाच्या अल्बमसारखे. बाहेरचं काळं अंतराळ निळसर राखाडी, त्यात मधूनच चौकोनी ठिगळं. मी पटकन बोलून गेले, "यापेक्षा आपला डब्बा बरा होता."

तो काही बोलला नाही. यंत्रमानव आला, चित्र ठरलेल्या जागी अडकलं, आणि भाऊ "झोप आली" म्हणून आत गेला. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

रात्री मी जरा वाचावाची केली. पत्रकाराला दुसरं काय येतं? कळलं ते असं, की दोष टीव्हीचा नव्हता आणि पिक्चरचाही नव्हता. दोष आमच्या लावण्यात होता.

पहिलं गणित ठिपक्यांचं. माझी डिस्क पाल पद्धतीची. तिच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे साधारण चार लाख पंधरा हजार ठिपके. फोर-के टीव्हीत ते जवळजवळ ८३ लाख. म्हणजे दर वीस ठिपक्यांमागे डिस्क एकच पुरवते, उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. २१ इंची डब्ब्यात हे खपून जायचं, कारण तो डब्बा त्याच मापाच्या चित्रासाठी बनला होता. भिंतभर पडद्यावर अंदाज उघडा पडतो.

दुसरी भानगड गुळगुळीतपणाची. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी बनतो. अनेक टीव्ही आपल्या मनाने मधली चित्रं तयार करून घुसडतात, म्हणजे क्रिकेटचा चेंडू सुळसुळीत दिसावा. पण सिनेमाला त्यामुळे मालिकेची कळा येते. याविरुद्ध डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं, की बाबांनो, हे बंद करा! २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' नावाची सोयही जाहीर झाली. भावाच्या टीव्हीत ती होती, मेनूच्या चौथ्या पानावर. आम्ही पाहत होतो 'व्हिव्हिड'वर. हा मोड दुकानाच्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो.

(जाता जाता एक गंमत. पाल डिस्कवर २४ ऐवजी २५ चित्रं सेकंदाला पळतात. त्यामुळे १०१ मिनिटांचा 'झथुरा' आमच्याकडे ९७ मिनिटांतच संपायचा. लहानपणीची चार मिनिटं कुठे गेली, ते आत्ता कळलं.)

पुढच्या रविवारी मी एका मित्राकडून ब्लू-रे उसनी आणली, त्याच्या प्लेस्टेशनसकट. भाऊ लांब सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला. मी मोड बदलला, दिवे मालवले, किल्ली फिरली.

तो पत्र्याचा खेळ! डीव्हीडीवर तो एक रंगीत डबा होता. इथे पत्र्यावरचा छापील रंग, कडेला उडालेले पोपडे, रुळावरून खडखडत जाणारं छोटं यान, सगळं दिसत होतं. उल्का पडतात तेव्हा लाकडाच्या ढलप्या आणि धूळ नुसती उडत नाही, खाली बसताना दिसते. आणि हे खरंच फुटलेलं आहे. फॅव्हरोने सगळं कॉम्प्युटरवर ढकलण्याऐवजी जमेल तिथे खरी वस्तू वापरली. अंतराळयानांसाठी छोटी मॉडेल्स, झॉर्गन नावाच्या पाली आणि यंत्रमानव स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओत घडवलेले. 'जुरासिक पार्क'चा डायनोसॉर उभा करणारा हा माणूस. गोठलेल्या लिसाच्या जागी चक्क पुतळा. मुलांना समोर काहीतरी दिसलं तरच ती नीट घाबरतील, हा त्यामागचा साधा हिशोब. कॅमेरा गिएर्मो नवारोचा, ज्याला पुढे 'पॅन्स लॅबिरिंथ'साठी ऑस्कर मिळालं. घरातला पिवळा उबदार उजेड आणि दाराबाहेरचा खोल काळा, हा त्याचा सगळा खेळ. व्हिव्हिडमध्ये नेमका तोच मेला होता.

त्या काळातले कॉम्प्युटरवरचे बरेच इफेक्ट्स मोठ्या पडद्यावर आज केविलवाणे दिसतात. हाताने बनवलेल्या वस्तूचं तसं होत नाही. चित्र जितकं स्वच्छ, तितकी कारागिरी जास्त दिसते.

मग यंत्रमानव आला. दारातून वाकून आत शिरला, गुरगुरला, मागे लागला. आवाज फ्रँक ऑझचा, म्हणजे 'स्टार वॉर्स'च्या योडाचा. सीन अडकला नाही. मोबाइल कधीच खाली गेला होता.

"ताई, हे आपण कधी पाहिलंच नव्हतं ना?"

"कधीच नाही."

तो सरकून जवळ आला. पुढे तो अंतराळवीर मुलांना आपली गोष्ट सांगतो, रागाच्या भरात भावाबद्दल बोललेल्या एका वाक्याची. ती इथे सांगत नाही, तुम्हीच बघा. मी मात्र त्या सीनमध्ये पडद्याकडे बघत म्हटलं, "डब्ब्याचं बोलले ते चुकलंच माझं."

"गप, बघू दे," तो म्हणाला. म्हणजे मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी सेटिंग्ज कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवली. गुरुवारी मी घरी गेले तर टीव्ही पुन्हा व्हिव्हिडवर. बाबा मॅच बघत होते, आणि गवत इतकं हिरवं की डोळे दिपावेत.

"तुमच्या त्या मोडमध्ये सगळं मळकट दिसतं," बाबा म्हणाले. "हे बघ, कसं फर्स्टक्लास आहे!"

भावाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.