तुम्ही बसा इथेच, आम्ही आलोच!

दिवाळीत घर भरले की पुढच्या मे महिन्याचा बेत शिजू लागतो, हा आमच्या घरचा जुना रिवाज आहे. भाऊबीजेची जेवणे आटोपतात, मुलगा, सून, मुलगी, जावई बैठकीत ऐसपैस पसरतात, नातवंडे फराळाच्या डब्यांवर धाड घालून येतात आणि कोणीतरी थंड हवेच्या एखाद्या ठिकाणाचे नाव काढते. मग हमखास एक प्रश्न येतो : "पण आई-बाबांना झेपेल ना?" प्रश्न आमच्यादेखत विचारला जातो, आम्हांला मात्र विचारला जात नाही. आम्ही दोघे तिथेच समोर बसलेलो असतो. उत्तरही परस्परच मिळते : "न झेपायला काय झाले? गाडी थेट वरपर्यंत जाते!"

ह्या "थेट वरपर्यंत" जाणाऱ्या गाडीशी मला आज भांडायचे आहे. माझे वय ७३, यजमानांचे ७८. त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणजे आमच्या वयाच्या चारचौघांसारखेच आम्ही आहोत. वाचकांनी भांडणासाठी फराळ थांबवू नये. अनारसे खात खात वाचले तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वी आम्हांला असेच एका डोंगरावर नेण्यात आले. "नेण्यात आले" हा प्रयोग मी, जन्मभर व्याकरण शिकवलेली बाई, जाणूनबुजून करते आहे. त्या सहा दिवसांत कर्तेपण असे आमच्या वाट्याला आलेच नाही. सकाळी सातला गाडीत बसायचे आणि एक पॉइंट, दुसरा पॉइंट, तिसरा पॉइंट. गाडी थेट वरपर्यंत जाई हे खरे, पण "वर" म्हणजे गाडीतळ. तिथून पुढे दीडशे पायऱ्या, नाहीतर घसरडी पाऊलवाट. आणि मग ते वाक्य : "तुम्ही बसा इथेच, आम्ही आलोच!" बसा, पण कशावर? बाक म्हणून नव्हता. एका तापलेल्या कठड्यावर, माकडांच्या सोबतीने, आम्ही दीड तास काढला. समोर मोटारींच्या पाठी होत्या. दरी पलीकडे कुठेतरी असणार. मुले परतली ती फुललेल्या चेहऱ्यांनी, आणि त्यांनी आम्हांला मोबाइलवर फोटो दाखवले. घरी पलंगावर बसून जे पाहता आले असते, ते आम्ही घाट चढून जाऊन पाहिले.

त्या दिवशी मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. का, ते बायकांना सांगायला नको. पुरुष वाचकांसाठी सांगते. वाटेत स्वच्छ, आणि गुडघे न मोडता बसता येईल असे, स्वच्छतागृह मिळेल ह्याची खात्री नसली की आमच्या पिढीची बाई पाणीच पीत नाही. वय वाढले की तहान मुळातच कमी लागते. घामही तरुणांइतका सुटत नाही, त्यामुळे अंग तापले तरी लवकर कळत नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे कामच मुळी शरीरातले पाणी बाहेर काढायचे. संध्याकाळी खोलीच्या दारात मी चक्कर येऊन पडले. डॉक्टर घाट उतरून खालच्या गावात, आणि घाटात सुटीच्या गाड्यांची रांग. दोन तास सून माझे तळवे चोळत रडत होती. सलाइनच्या दोन बाटल्यांवर निभावले. त्या रात्री मुलाचा चेहरा पाहिला आणि त्याला काही बोलायची इच्छाच उरली नाही. बोलायचे राहिले ते आता लिहिते आहे.

अर्धा दोष आमचाही आहे, तो आधी पदरात घेते. प्रत्येक पॉइंटवर हे "गुडघे अगदी ठीक आहेत" म्हणत होते आणि मी "मला तहान नाही" म्हणत होते. दोघेही धडधडीत खोटे बोलत होतो. पुढच्या खेपेला आपल्याला वगळतील, ह्या भीतीने म्हातारी माणसे असे खोटे बोलतात. आणि मुलांनाही ते खरे मानणे सोयीचे जाते. अशा दोन सोयीस्कर खोट्यांवर आपल्या कितीतरी कौटुंबिक सहली उभ्या असतात.

आता मुद्द्यावर येते. उन्हाळ्यात वडीलधाऱ्यांना कुठे न्यावे, तर डोंगरावर, ही समजूत आपण एकदा टाकून दिली पाहिजे. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. तरण्या माणसाला त्यात मौज आहे, पण ७८ वर्षांच्या गुडघ्यांना नाही. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, हवा सुरेख, पण तिथे जे पाहायचे ते बहुधा कड्याच्या टोकाशी. म्हाताऱ्या माणसाला हवे असते एक सपाट, फार न तापणारे शहर. दाराशी रिक्षा, कोपऱ्यावर औषधांचे दुकान, पंधरा मिनिटांत रुग्णालय, आणि कोणी "चला चला" न म्हणणारे चार-पाच दिवस. ह्यात बेचव असे काही नाही, हे मी अनुभवाने सांगते, कारण दुसऱ्याच वर्षी हट्टाने आम्ही दोघेच म्हैसूरला गेलो.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर, पण पठारावर आहे. उंचीचा गारवा मिळतो आणि चढ वाट्याला येत नाही. एप्रिलात दुपारी पारा चौतीस-पस्तीसपर्यंत जातो, नाही असे नाही. पण रात्री हवा निवते, आणि मे महिन्यात कित्येकदा दुपारनंतर वळवाची सर येऊन जाते. नागपूरच्या वाचकांना हा उन्हाळा म्हणताच येणार नाही. आमचा नियम एकच होता : सकाळी साडेआठ ते अकरा एक गोष्ट, संध्याकाळी पाचनंतर एक गोष्ट, मधला वेळ पंख्याखाली. कोणी त्याला आळस म्हणाले तर म्हणोत.

शनिवारी पोहोचलो, तेही हिशेबाने. राजवाड्यावर रोषणाई असते ती रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी; सोमवारी पोहोचून शुक्रवारी परतणाऱ्यांची ती पुरी रोषणाई बहुधा हुकते. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली जळाला आणि हेन्री आयर्विनच्या आराखड्यावरून बांधलेला हा नवा १९१२ साली पुरा झाला. आत जाताना पादत्राणे काढावी लागतात, म्हणून मधुमेही माणसाने मोजे घालून आणि सकाळच्या वेळीच जावे. दुपारच्या तापल्या दगडावर सुन्न तळवे भाजले तरी कळत नाहीत. संध्याकाळी आम्ही अर्धा तास आधी जाऊन एका कडेला टेकलो. दिवे एकदम लागले तेव्हा ह्यांच्या तोंडून "अरेच्चा!" असा जो उद्गार निघाला, तो मी त्यांच्या निवृत्तीनंतर ऐकला नव्हता.

चामुंडीच्या टेकडीला हजारावर पायऱ्या आहेत. आम्ही त्यांना खालूनच नमस्कार केला आणि मोटारीने गेलो. एका अखंड शिळेतला पंधरा-सोळा फूट उंचीचा नंदी आहे, त्याच्याजवळही रस्त्याने जाता येते. प्राणिसंग्रहालय १८९२ सालचे, झाडांच्या दाट सावलीतले. मात्र मंगळवारी बंद. हे ठाऊक नसलेले एक कुटुंब दाराशी आजोबांना उन्हात उभे करून पहारेकऱ्याशी वाद घालताना आम्ही रिक्षातून पाहिले. देवराज बाजारात मोगरा आणि विड्याची पाने घेतली आणि दहा मिनिटांत बाहेर पडलो, जमीन फार उंचसखल म्हणून.

वृंदावन बाग आम्ही सोडली. इथे आमच्यात थोडी चकमक झाली. हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. कृष्णराजसागर धरणाशी नाव निगडित असलेले विश्वेश्वरय्या पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दारे बसवलेली, तेव्हा तिथे न जाणे म्हणजे ह्यांना देवळाच्या दारातून परतल्यासारखे वाटत होते. पण ती बाग पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी, त्यात सुटीची गर्दी. रात्रभर विचार करून सकाळी हेच म्हणाले, "नको. उद्या मी चालू शकणार नाही." हे वाक्य महत्त्वाचे आहे. डोंगरावर सहा दिवसांत त्यांनी ते एकदाही उच्चारले नव्हते, कारण तिथे त्यांच्या "नको"मुळे सहा माणसांचा दिवस बुडाला असता.

आणि जगन्मोहन राजवाड्यातले ते चित्र! हातात समई धरलेली, बोटांच्या फटींतून लाल उजेड झिरपणारी ती बाई कॅलेंडरांवर पाहून पुष्कळजण राजा रविवर्म्याच्या नावावर घालतात. ते चित्र आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, १९४५-४६ सालचे, आणि तेही जलरंगातले. समोर उभी केली होती ती त्यांची मुलगी गीता. त्या गीताबाई २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी. हे मी ह्यांना हळू आवाजात सांगितले. पहारेकऱ्याने आपण होऊन आपली खुर्ची पुढे केली आणि हे त्या चित्रासमोर वीस मिनिटे बसून राहिले. कोणी "चला" म्हटले नाही. माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एखादे चित्र आम्ही वीस मिनिटे पाहिल्याचे मला आठवत नाही.

आता तरुण वाचक आक्षेप घेतील : मग सगळ्यांनी मिळून जायचेच नाही का? जरूर जा. पण दिवसाची आखणी करताना सर्वांत हळू चालणाऱ्याचे घड्याळ धरा, आणि पळायचे असेल त्यांनी दुपारी पळून यावे. आम्ही पंख्याखाली झोपलेलो असतो, आमचे काही अडत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. सहा दिवस मोटार, रोज तीन पॉइंट आणि शेवटी सलाइन, ह्यांची बेरीज कोणी केली आहे काय? आमचे चार दिवस त्याहून बरेच स्वस्त पडले.

तिकिटांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती चांगल्या शिकल्यासवरल्या मुलांनाही ठाऊक नसते. रेल्वेत खालच्या बर्थांचा एक राखीव कोटा असतो, ६० वर्षांवरील पुरुषांसाठी आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी. पण तो मिळतो तिकिटावर असे एकटे किंवा दोघेच प्रवासी असले तर. मुलगा प्रेमाने सहा जणांचे एकत्र तिकीट काढतो आणि आजी मधल्या बर्थवर लटकते! आई-बाबांचे तिकीट वेगळे काढा. सवलतीविषयी काय बोलावे? पुरुषांना ४० टक्के, स्त्रियांना ५० टक्के मिळत असे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत ती बंद झाली. साथ ओसरली, गाड्या पुन्हा माणसांनी फुटू लागल्या, तरी वर्षामागून वर्षे गेली आणि ती परतली नाही. म्हाताऱ्यांनी घरी बसावे असाच जर त्याचा अर्थ असेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

सरकारची दुसरी गंमत म्हणजे उतार. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार एक फूट चढायला निदान बारा फूट लांब असावा, असे सरकारचेच मार्गदर्शन आहे. प्रत्यक्षात कित्येक कचेऱ्यांच्या आणि देवळांच्या दाराशी चार पायऱ्यांवर एक फरशी तिरकी टाकलेली असते. बागेत मुलांना त्यावरून घसरता येईल, आजोबांना चढता येणार नाही. कागदावर मात्र "सोय आहे" अशी खूण होऊन जाते.

असो. ह्या भाऊबीजेला पुन्हा एका डोंगराचे नाव निघाले. मी म्हटले, तुम्ही खुशाल जा, आम्ही म्हैसूरला जातो; येतील त्यांनी चार दिवस तिकडे यावे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटी नात म्हणाली, "मी आजीबरोबर. तिथे झोपायला मिळतं." दुसऱ्या दिवशी मी हॉटेलांना दूरध्वनी करायला बसले. मागच्या खेपेचे हॉटेल नको होते. तिथे लिफ्ट होती, पण तिच्यापर्यंत पोहोचायला सात पायऱ्या. पहिल्याच व्यवस्थापकाने मोडक्यातोडक्या हिंदीत ऐकवले, "लिफ्ट आहे, आजी, काही चिंता करू नका." मी विचारले, "रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? न्हाणीघराचा उंबरा किती उंच? भिंतीला धरायला दांडा आहे का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "थांबा हं, मोजून येतो."