स्थापत्य अभियांत्रिकी आणि आपली वस्ती

दहावीचा निकाल लागला की आपल्या वसतिगृहाच्या कार्यालयात पालकांची वर्दळ सुरू होते. गेली काही वर्षे बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "सर, कॉम्प्युटरला नंबर लागेल का?" सिव्हिलचे नाव काढले की चेहरे उतरतात. "आम्ही जन्मभर उन्हात राबलो, आता पोरानेही उन्हातच उभे राहायचे का?" असे एका मातेने आम्हांला विचारले. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. तथापि आमचे मत तिच्यापेक्षा वेगळे आहे आणि ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे सविस्तर मांडावे, असे आम्हांला वाटते.

प्रथम त्या उन्हाविषयी. १९७२च्या दुष्काळात कर्जत तालुक्यातील आपली माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांची माती वाहायला गेली. आम्ही तेव्हा फार लहान होतो. आईच्या तळहाताला बांधलेली चिंधी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी एवढेच आमच्या आठवणीत राहिले. कळत्या वयात आईने जे सांगितले ते मात्र आम्ही विसरू शकलो नाही. फोडलेल्या खडीचा ढीग रचून ठेवायचा. मग साहेब टेप घेऊन यायचे, लांबी, रुंदी, उंची वहीत लिहायचे आणि 'इतके ब्रास' असे सांगून निघून जायचे. शंभर घनफुटांचा एक ब्रास. हा हिशोब सातवीतल्या मुलाला जमण्यासारखा आहे. परंतु ढिगाभोवती उभ्या असलेल्या दहा-बारा बायांपैकी एकीलाही तो येत नव्हता. ढीग त्यांचा, माप दुसऱ्याचे. मोजणारा प्रामाणिक आहे की लबाड, हे कळण्याचीदेखील त्यांना सोय नव्हती.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या गोष्टीचे मूळ बरेच मागे दिसते. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तो सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम कर्मचारी पुरवण्यासाठी. आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ ते हेच. त्याच शहरात, त्याच दशकात जोतीराव आणि सावित्रीबाई अस्पृश्यांच्या मुलांना अक्षरे शिकवीत होते. एका शाळेतून दुसरीत जाण्याचा रस्ता मात्र अस्तित्वात नव्हता. पुढे जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार झाले; खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. मजुरांची पिळवणूक आणि बांधकाम खात्यातील लबाड्या यांविषयी त्यांनी जे लिहिले, त्यामागे कामावर उभे राहून पाहिलेले वास्तव होते. विश्वेश्वरय्या १८८३ साली याच पुण्यातून अभियंता होऊन बाहेर पडले आणि त्यांच्या स्वयंचलित दरवाजांचा वापर १९०३ साली खडकवासल्यालाच प्रथम झाला. १५ सप्टेंबरला त्यांच्या स्मरणार्थ आपण अभियंता दिन पाळतो आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी धरणाचा दगड वाहणाऱ्यांचीही आठवण व्हावी, एवढेच आमचे म्हणणे.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित. असे असूनही १९४२ साली व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की, कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही; त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे. (इतिहासात एम.ए. झालेल्या माणसाला हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते.) १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. नुसते बांध घालून पूर अडवण्यापेक्षा पाणी साठवावे आणि ते सिंचन, वीज व जलवाहतूक या सर्वांसाठी वापरावे, असा आग्रह त्यांनी तेथे धरला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे पूर्वरूप १९४५ साली त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ साली ओंजळीत घेणारा महापुरुष अठरा वर्षांनी देशातील नद्यांचे नियोजन करीत होता, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत फारशी सांगत नाही.

आता आपल्या तालुक्याकडे यावे. कुकडीचा डावा कालवा जुन्नरकडून निघून पारनेर, श्रीगोंदे ओलांडत कर्जतला येतो, आणि आवर्तनाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते की नाही हा वाद आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. कालव्याचा उतार, त्याची गळती, चारीची पातळी हे सारे स्थापत्यशास्त्राचे विषय आहेत. पाणी उताराने वाहते हा निसर्गनियम. चारी कोठून काढायची हे माणूस ठरवतो. गावातही तसेच आहे. टाकी कोणत्या बाजूला, गटाराचे तोंड कोणाच्या दाराशी, हे कागदावर आधी ठरते. काँक्रीटचा रस्ता आपल्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबलेला आम्ही एकाहून अधिक गावांत पाहिला आहे. विचारले तर 'एस्टिमेटमध्ये एवढेच होते' असे उत्तर मिळते. एस्टिमेट वाचता येणारे कोणी नसले की बोलणे तेथेच संपते.

दोष नेहमी दुसऱ्याचाच असतो असेही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत वर्गणी काढून विहार बांधला. मोलमजुरी करणाऱ्यांनी पाचशे-हजार दिले, ऊसतोडीला जाणाऱ्यांनी उचलीतून दिले. समितीचे सचिव आम्हीच होतो. मिस्त्रीने तोंडी अंदाज सांगितला आणि काम सुरू झाले. एखाद्या अभियंत्याला विचारावे, असे आमच्याही मनात आले नाही. तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरपी भेग गेली. गावाची जुनी घरे मुरमाच्या उंचवट्यावर आहेत, आपली वस्ती खाली ओढ्याकाठी काळ्या जमिनीत. असे का, हे वाचकांना सांगायला नको. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे आपण रानात जन्मभर पाहतो. विहाराच्या पायाखाली तीच माती आहे, याचा आम्ही विचार केला नाही.

आपल्याच शाळेची, तेव्हा सिव्हिलच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकत असलेली एक विद्यार्थिनी दिवाळीला गावी आली होती. तिने पायाजवळची माती वाळवून, बारीक चाळून शाळेच्या प्रयोगशाळेतील दोन मोजनळ्यांत दहा-दहा ग्रॅम घातली. एकीत पाणी ओतले, दुसरीत रॉकेल. रॉकेलात ही माती फुगत नाही, म्हणून तुलना करता येते. चोवीस तासांनी पाण्यातील माती दुसरीच्या जवळजवळ दुप्पट झालेली होती. "सर, पाया मुरमापर्यंत खोल न्यायला हवा होता, नाहीतर काळी माती काढून मुरूम भरून चोपायला हवा होता," ती म्हणाली. वाढीव खर्चाचा हिशोबही तिने मांडला. वर्गणीच्या आणखी एका फेरीत तो निघाला असता. मुलींना साइट झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी, खडी फोडणाऱ्या आणि घमेली वाहणाऱ्या कोण होत्या, हे आठवून पाहावे.

आता व्यवहाराचे थोडे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि तेथून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश, हा मार्ग आपल्या मुलांना परवडतो. बारावी विज्ञान, सीईटी आणि चार वर्षांची पदवी हा दुसरा. जात वैधता प्रमाणपत्राची तयारी अकरावीतच सुरू करावी. शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाला बाबासाहेबांचेच नाव आहे. परंतु प्रयोगशाळेला कुलूप असलेल्या महाविद्यालयात केवळ जागा रिकामी आहे म्हणून मुलाला घालू नये. दुसऱ्याची ड्रॉइंग शीट गिरवून मिळवलेल्या पदवीवर साइटवर तुटपुंज्या पगाराची नोकरी मिळते आणि पुढची वाट बंद होते. हे खरे आहे आणि लपवून उपयोग नाही. आम्हां शिक्षकांचाही यात वाटा आहे. आम्ही त्रिकोणमितीची सूत्रे पाठ करून घेतली. मुलांना शाळेच्या आवारात नेऊन ध्वजस्तंभाची उंची मोजायला लावली नाही.

त्या मुलीने परत जाताना भेगेवर काचेची एक पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर लावून आडवी चिकटवली आणि बाजूला तारीख लिहिली. काच शाबूत राहिली तर भिंत स्थिरावली. तडकली तर ती अजून हलते आहे. मार्चअखेर काच तडकली. आता पाया उघडून दुरुस्ती करायची आहे. तिने आपल्या प्राध्यापकांना दाखवून अंदाजपत्रक तयार केले आणि समितीकडे पाठवले. ते सात पानांचे आहे. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत ते वस्तीपुढे वाचायचे असल्याने आम्ही आधी स्वतः समजून घ्यायला बसलो. त्याला आम्हांला दोन रात्री लागल्या.