उष्णता साठवता येते. पण जागा कोण देणार?

घरात उष्णता साठवण्याच्या तंत्रावर मी इंग्लंडमध्ये पीएचडी करते आहे. गावी फोन केला की नातेवाइकांची थट्टा ठरलेली : ‘उष्णता साठवायची कशाला? इकडे ये, हवी तेवढी घेऊन जा.’ थट्टेतला प्रश्न मात्र योग्य आहे.

साठवायची कशाला?

ब्रिटनमधली बहुतांश घरे नैसर्गिक वायूच्या बॉयलरवर ऊबदार राहतात. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे बंधन २०१९ मध्ये कायद्यात आले. त्यासाठी हे बॉयलर जायला हवेत आणि त्यांच्या जागी हीट पंप यायला हवेत. हा पंप एक युनिट वीज घेऊन बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो आणि घरात साधारण तीन युनिट सोडतो. पण थंडीत संध्याकाळी सहाला सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले तर ग्रिडवर ताण येणारच. रात्री मागणी कमी असते, वीज स्वस्त असते. तेव्हा उष्णता साठवून संध्याकाळी वापरायची, एवढाच हा विषय. पुण्यात गच्चीवर सोलर हीटर असलेल्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. दुपारी तापलेले पाणी पहाटेपर्यंत गरम राहते ते टाकीभोवतीच्या जाड आवरणामुळे.

कशात साठवायची?

सर्वात स्वस्त म्हणजे पाणी. २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवले तर सुमारे ९ युनिट उष्णता साठते. त्यात आंघोळी उरकतात, थंडीतले अख्खे घर ऊबदार होत नाही. दुसरा पर्याय वितळणाऱ्या पदार्थांचा. हात शेकायच्या छोट्या पिशवीतले सोडियम अ‍ॅसिटेट ५८ अंशांना वितळते आणि घट्ट होताना तीच उष्णता परत देते. त्यावर चालणाऱ्या ‘हीट बॅटरी’ बाजारात आल्याही आहेत.

माझे काम तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे क्षारांवर. उन्हाळ्यात क्षार तापवून त्यातले पाणी काढायचे. हिवाळ्यात त्यातून दमट हवा सोडली की ते पाणी शोषतात आणि उष्णता देतात. हवाबंद ठेवले तर महिनोन्महिने साठा कमी होत नाही. कागदावर फार सुंदर! प्रत्यक्षात पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीसारखे त्यांचे गोळे होतात आणि हवेला वाटच उरत नाही. हा साठा वीस वर्षे टिकेल का, हे सांगायला वीस हिवाळे हवेत. परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसात तीन-चारच मावतात. मग प्रयोगशाळेत तेच क्षार पुन्हा पुन्हा ओले-कोरडे करून अंदाज बांधायचा.

तरीही खरी अडचण क्षारांपेक्षा घरांत जास्त आहे, असे माझे मत झाले आहे. ब्रिटिश घरात उष्णतेचा साठा पूर्वी होताच. तांब्याची गरम पाण्याची टाकी एका कपाटात असे आणि तिच्या उबेवर टॉवेल वाळत. मग लागेल तेव्हा पाणी तापवणारे कॉम्बी बॉयलर आले. आज इंग्लंडमधल्या निम्म्याहून अधिक घरांत तेच आहेत. टाकी भंगारात गेली, कपाटात व्हॅक्यूम क्लीनर आला. आता आम्ही संशोधक तेच कपाट परत मागतो आहोत. छोट्या फ्लॅटमध्ये ते द्यायला सहजासहजी कोण तयार होईल?

भाडेकरूंना तर तेवढेही हातात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचे अनुदान आहे, पण ते घराच्या मालकालाच मिळते. बिल भरतो भाडेकरू. माझ्या भाड्याच्या खोलीत विटांचा जुना हीटर आहे. रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापतात. अशा सात तासांच्या वीजदराची ‘इकॉनॉमी ७’ योजना १९७८ पासूनची. मी प्रयोगशाळेत असते तेव्हा खोली छान ऊबदार असते. परत येते तेव्हा विटा कोमट. उष्णता साठवण्याचा अभ्यास करणारी बाई लोकरी टोपी घालून जेवते, यावर मित्रमंडळी यथेच्छ हसून घेतात. ऊब नेमकी संध्याकाळी सोडणारे, पंख्याचे नवे हीटर मिळतात. पण तो बदलून मालकाला काय फायदा?

तिथल्या नियमानुसार भाड्याच्या घराला ऊर्जा कार्यक्षमतेची किमान ‘ई’ श्रेणी लागते, काही सवलती वगळता. ही श्रेणी कागदावरच्या हिशोबाने ठरते. माणूस घरी असतो त्या वेळी ऊब पोहोचते का, हे ती सांगत नाही. ते मोजायला हवे, आणि नव्या घरांच्या नकाशातच साठ्याचे कपाट सक्तीचे हवे. मालक यावर म्हणतील की खर्च वाढला तर भाडेही वाढेल. ते खोटे नाही. म्हणून अनुदान घेणाऱ्या मालकाला काही वर्षे त्या कारणाने भाडे वाढवू देऊ नये, ही अट आधी घालावी लागेल.