अनुक्रमणिकेत पतसंस्था आहे का?

शेजारच्या पोरानं एमआयडीसीतल्या पहिल्या पगारात सीताबर्डीहून ‘रिच डॅड पुअर डॅड’ मराठीत आणलं आणि आठवड्याभरात बापाला सुनावलं, की राहतं घर ही मालमत्ता नसते, देणं असतं. बाप नुकताच संत्र्याच्या बगीच्यातून आला होता. पाय धुता धुता म्हणाला, “मंग बगीचा काय हाय?”

पोरगं माझ्याकडे आलं. “काका, दुसरं पुस्तक सांगा.”

कियोसाकींचं हे पुस्तक १९९७चं, अमेरिकेतलं. हुरूप चढवायला झकास. पण त्यांच्या एका कंपनीनं २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता, हेही वाचणाऱ्याला ठाऊक असावं. मी त्याला बेंजामिन ग्रॅहम यांचं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ दिलं. १९४९चं, जाडजूड. सगळं झेपणार नाही, म्हणून आठवं आणि विसावं प्रकरण आधी वाच म्हटलं. आठव्यात रोज नवा भाव सांगणारा एक लहरी भागीदार भेटतो. तो आमच्या कळमेश्वरात कोणाला नवा नाही, फटफटीवरून बगीचा बघायला येतोच. फरक एवढाच, की भाव पटला नाही तर शेअर कपाटात राहतो. अंबिया बहाराची संत्री झाडावर किती दिवस ठेवणार?

इथंच बहुतेक पुस्तकं आम्हाला सोडून जातात. त्यांचा वाचक महिन्याच्या पगाराचा. पोराला ते चालतं, त्यानं खुशाल एसआयपी करावी. बापाचा पैसा बहाराबरोबर एकदम येतो, आणि पुढच्या हंगामापर्यंत तो ठेवायचा कुठं, हा त्याचा पहिला प्रश्न. म्हणून पुस्तक घेताना मी आधी अनुक्रमणिका उघडतो: पतसंस्था आहे का? सोनं, भिशी, पीककर्ज? नसेल तर सेबीची फुकटची मराठी पुस्तिका बरी. दिसायला रुक्ष, पण तिला आपल्याला काही विकायचं नसतं.

बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. २०२०च्या आधी ते एक लाखच होतं. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत.

हे मी ओट्यावर बसून सांगत होतो. बाप मधेच उठून आत गेला, पेटीतून ठेवीची पावती घेऊन आला आणि पोराच्या हातात देत म्हणाला, “वाच बरं, बँकेची हाय का पतसंस्थेची?”