विमान डोक्यावरून, आम्ही घाटातून



नाशिकच्या ओझर विमानतळावरून अहमदाबादला जाणारे विमान इंडिगो कंपनीने मार्च २०२३ मध्ये सुरू केले. नकाशावर पट्टी ठेवली तर हे अंतर साडेतीनशे किलोमीटर भरते. पंख्याचे एटीआर विमान ताशी पाचशेच्या वेगाने उडते, म्हणजे पाऊण तास पुरावा. पण वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून जास्तच धरावा लागतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, वर चढणे, वळसा, उतरायला नंबर लागणे, हा सगळा वेळ कंपनी आधीच हिशेबात घेते. प्रवाशाने तासभर आधी हजर राहायचे ते वेगळेच. अंतर वेगळे आणि वेळ वेगळा, हे कंपनीला पक्के कळते. सरकारी कागदावर मात्र नुसते किलोमीटर.

तीच पट्टी पुन्हा ठेवा. रेघ सुरगाणा गावाच्या दहा-एक किलोमीटर बाजूने जाते. ओझरहून सुरगाणा हवेतून साठ किलोमीटरसुद्धा नाही. सरळ गेले तर विमान दहा-बारा मिनिटांत तिथल्या आभाळात. खाली जमिनीवर नाशिक नव्वदीच्या घरात, मध्ये घाट, आणि अडीच-तीन तासांचा खुळखुळाट. पावसाळ्यात मोरी बुडाली की पाड्यावरच्या माणसाने घड्याळ बघूच नये. सुरगाण्याच्या माणसाला विमानाने अहमदाबादला जायचेच असेल तर त्याने आधी उलट दिशेला ओझर गाठायचे आणि मग आपल्याच तालुक्यावरून उडत परत जायचे!

आमचा विमानाला विरोध नाही. ज्याला परवडते त्याने खुशाल जावे. प्रश्न न्यायाचा आहे. उडान योजनेत छोट्या विमानतळांमधल्या मार्गांवर कंपनीला तोटा येतो हे सरकार मान्य करते आणि ती तूट निधीतून भरून देते. मग पाड्यावरची एसटी 'परवडत नाही' म्हणून बंद का पडते? तिथली तूट तूट नाही काय?

सुरगाण्याचा शेतकरी आज भात-नागलीच्या जोडीला स्ट्रॉबेरी लावतो. या फळाला तोडल्यापासून तास मोजावे लागतात. उन्हात, खड्ड्यांत दोन तास जास्त गेले की खालचा थर दबतो आणि व्यापारी सगळ्या पेटीचा भाव पाडतो. आपला कापूस नासत नाही, ज्वारी नासत नाही, एवढाच फरक; पण जिनिंगच्या दारात गाडी उभी राहिली की भाडे आपल्याच अंगावर. आणि हद्दीचे म्हणाल तर विमान गुजरातेत केव्हा शिरले ते कळतही नाही. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात मात्र आपला कापूस तीच हद्द ओलांडू लागला की गुन्हा होत असे.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली. कारणे रस्ता, पाणी, दवाखान्याची होती. पुढाऱ्यांना त्यात महाराष्ट्राचा अपमान दिसला. आम्हाला त्यात वेळेचा हिशेब दिसला.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. दवाखाना, बाजार समिती आणि एसटीचा थांबा गाठायला उन्हाळ्यात किती तास लागतात आणि श्रावणात किती. किलोमीटर लिहू नका, ते सरकारकडे आहेत.