‘एकमताने मंजूर’ लिहिण्याआधी हात मोजा

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे मुंबई-ठाण्या-पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबरचे बरेच रविवार या सभांचे असतात. गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बसलेले हे सभासद म्हणजे १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमानुसार संस्थेची सर्वोच्च सत्ता. कमिटी त्यांच्या खाली. आणि तरीही या सत्तेचं मत बहुतेक ठिकाणी कुणी मोजतच नाही. हे बदलायला कायदा बदलावा लागत नाही.

१. नोटिशीत विषय उघडपणे लिहा. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यायची, असं आदर्श उपविधी सांगतात. ती मिळतेही. पण ‘इमारतीच्या दुरुस्तीबाबत विचार करून निर्णय घेणे’ एवढ्या ओळीवरून सभासदाने काय ठरवायचं? दुरुस्ती कुठली, कोटेशनं किती आली, सिंकिंग फंडातून किती उचलणार आणि उरलेल्यासाठी दर फ्लॅटमागे किती वर्गणी पडणार, हा कागद नोटिशीला जोडलेला हवा. अजेंड्याच्या तळाशी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ असतात. ज्याला पूर्वसूचना लागते असा विषय तिथे घेता येत नाही, हेही उपविधीतच आहे. तरी निम्मे लोक जेवायला उठून गेल्यावर लिफ्टचं कंत्राट नेमकं याच सदरात येतं. अशा वेळी एखाद्याने ‘हा विषय पुढच्या सभेत रीतसर आणा’ म्हटलं, तर त्याला आडमुठा ठरवू नका. तो सगळ्यांचा हक्क राखत असतो.

२. तहकूब सभेत मोठे खर्च नकोत. गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली कमी असेल ती संख्या. ती भरली नाही की अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा, आणि तिला गणपूर्तीची अट नाही. लोक आलेच नाहीत म्हणून संस्थेचा कारभार अडू नये, यासाठी ही सोय. आता मात्र दहाची सभा साडेदहाचीच धरून चालतात आणि मूठभर सभासदांच्या हजेरीत लाखोंचा ठराव होतो. तो कायदेशीर असतो, पण पुढे वर्गणी गोळा करताना भांडणं तिथूनच सुरू होतात. ठरावीक रकमेवरचा खर्च तहकूब सभेत घ्यायचा नाही, असा निर्णय प्रत्येक संस्थेने आपल्यापुरता करून ठेवावा. पुनर्विकासासाठी शासनाने ४ जुलै २०१९ च्या निर्देशात दोन तृतीयांश हजेरी आणि सभेचं चित्रीकरण मागितलं आहे. घरासाठी जी काळजी घेतली जाते, ती पैशासाठी थोडी तरी घ्यावी.

३. मतं मोजा. माझा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. अध्यक्ष विचारतात, ‘सर्वांना मान्य?’ पुढच्या रांगेतल्या चार माना हलतात आणि सेक्रेटरी ‘एकमताने मंजूर’ लिहून मोकळे होतात. मागे बसलेल्या, निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या आजींना ती वर्गणी झेपणारी नसते. पण ज्यांच्यासोबत रोज लिफ्टने जायचं, त्यांच्यासमोर आपणहून उठून ‘नाही’ म्हणायला धीर लागतो. म्हणून विचारणं अध्यक्षांनीच करावं: बाजूने कोण, विरुद्ध कोण, तटस्थ कोण. तिन्ही वेळा हात मोजावेत आणि आकडा मोठ्याने सांगावा. वादाचा विषय असेल तर चिठ्ठ्या वाटाव्यात. कुणी दुरुस्ती सुचवली असेल, तर आधी तिच्यावर मत घ्यावं, मग मूळ ठरावावर. कलम २७ मध्ये एका सभासदाला एकच मत आहे, मग फ्लॅट एका खोलीचा असो की चार खोल्यांचा. त्याच कलमात समसमान मतं पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत आहे. न मोजता समसमान झाली हे कळणार कसं?

४. मत स्वतः येऊन द्यायचं असतं. गावी गेलेल्या शेजाऱ्याची चिठ्ठी आणून त्याच्या वतीने हात वर करता येत नाही. आणि अध्यक्षांच्या नातेवाइकाचं कोटेशन चर्चेला असेल, तर तेवढ्यापुरती खुर्ची त्यांनी दुसऱ्याला द्यावी. कुणी सांगण्याची वाट पाहू नये.

५. इतिवृत्तात आकडे उतरवा. ‘सविस्तर चर्चेअंती मंजूर’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘ठराव क्र. ६: बाहेरील प्लास्टर व रंगकाम, खर्च मर्यादा अमुक. सूचक, अनुमोदक. बाजूने २३, विरुद्ध ९, तटस्थ २.’ विरोध करणाऱ्याने नाव नोंदवायला सांगितलं, तर तेही नोंदवावं. पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिलाच विषय असतो आणि तो दोन मिनिटांत उरकतात. त्याआधी मसुदा सभासदांना मिळायला हवा. तो हातात आला की वाचा, चूक दिसली तर हरकत लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या.