घर एक, मीटर तीन

माननीय गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई यांस,


हे पत्र कुंभकोणमजवळच्या तिरुक्करुगावूरहून लिहिते आहे. इथल्या गर्भरक्षांबिकेच्या दर्शनाला लांबलांबून बायका येतात आणि बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून देवीचं एरंडेल घेऊन जातात. आमचं घराणं तंजावूरच्या मराठी राज्यात इकडे आलं. 1855 मध्ये राज्य खालसा झालं, आम्ही इथंच राहिलो. घरात अजून मराठीच बोलतो.

वडिलांचं कौलारू घर पाडून त्याच जागी खाली आम्ही आणि वर दोन पोर्शन, असं बांधायचं ठरवलं. वरच्या भाड्याचा हप्त्याला हातभार लागेल, हा साधा हिशेब. एका बँकेचे अधिकारी नकाशा बघायला आले. त्यांनी स्वयंपाकघरांवर बोट ठेवत मोजलं, तीन. विजेचे मीटर किती? तेही तीन. "मग हे घरकर्ज नाही अम्मा, कमर्शियल धरावं लागेल." व्याजाचा दर ऐकून आई म्हणाली, "अरे, पण माझी चूल एकच आहे!"

प्रत्येक स्वयंपाकघर म्हणजे एक वेगळं घर, असं त्यांनी धरलं; आणि एकाच माणसाच्या तिसऱ्या घरापासून पुढचं कर्ज व्यापारी बांधकामात धरायचं, हा आपला नियम. त्यामागचं कारण मला पटतं. तिसरा फ्लॅट घेणारा भाड्यावर विसंबतो, भाडेकरू गेला की हप्ता थकतो. म्हणून छोट्या घरकर्जाचा जोखीमभार, म्हणजे कर्जामागे बँकेनं किती भांडवल राखायचं ते ठरवणारं माप, 35 टक्क्यांपासून सुरू होतो आणि व्यापारी बांधकामाचा 100 टक्क्यांवर जातो. पण जमिनीच्या एकाच पट्ट्यावरच्या, एका जिन्याच्या घरात मालक स्वतः राहत असेल, तर हप्ता थकल्यावर त्याच्याच डोक्यावरचं छप्पर जाणार. तो पोटाला चिमटा काढील, पण हप्ता भरील.

अमेरिकेत एफएचए या सरकारी गृहनिर्माण संस्थेचा विमा असलेल्या कर्जात चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत घरच मानतात. मालकानं 60 दिवसांत त्यातल्या एका बिऱ्हाडात राहायला यायचं आणि निदान वर्षभर राहायचं, एवढी अट असते.

आपणही अशी अट घाला. मालक राहत असलेल्या छोट्या इमारतीला घरकर्जच द्यावं, स्वयंपाकघरं मोजू नयेत, असं बँकांना स्पष्ट लिहून कळवा. रेशनकार्ड तपासा, न सांगता येऊन बघा. खोटं निघालं तर दर वाढवा, माझी काही तक्रार नाही.

वरच्या एका पोर्शनसाठी शाळेतल्या एका बाईंनी आत्ताच विचारून ठेवलं आहे. खाली पूर्वेची खोली आईची. तिच्या खिडकीसमोर तुळशीवृंदावन कुठं येणार, ते तिनं अंगणात खडूनं आखलं आहे.

आपली,
तिरुक्करुगावूरची एक कर्जदार होऊ इच्छिणारी